सिलिकॉनमध्ये प्रकाश मंदावताना : माझा अनुभव

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी मी २२० नॅनोमीटर जाडीच्या सिलिकॉनच्या थरात प्रकाशाचा वेग कमी करण्याच्या कामाला हात घातला. कुठल्याही पारदर्शक पदार्थात प्रकाश हवेपेक्षा हळू जातोच, पण इथे मंदावण्याचे मुख्य कारण पदार्थ नसून रचना असते. त्रिकोणी जाळीत सुमारे ४२० नॅनोमीटर अंतराने गोल छिद्रे पाडायची आणि मधली एक ओळ तशीच सोडायची. त्या मोकळ्या वाटेने निघालेला प्रकाश छिद्रांच्या ओळींवरून पुन्हा पुन्हा मागे वळत, पुढे सरकत राहतो आणि एका ठरावीक तरंगलांबीच्या कडेशी, जिच्यापलीकडे तो या वाटेने जाऊच शकत नाही, त्याची गती फार कमी होते. २००५ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी अशाच वेव्हगाइडमध्ये, म्हणजे प्रकाशाला धरून नेणाऱ्या वाटेत, वेग तीनशे पटींहून कमी झाल्याचे दाखवले होते.

गणिते आठवड्याभरात उरकली. चिप मात्र अडून बसली. १५५० नॅनोमीटरजवळ अपेक्षित असलेली कडा कुठेच दिसेना. लेसरच्या पूर्ण पल्ल्यात प्रकाश बिनदिक्कत पार होत होता. दोन आठवडे मी चिपमध्ये प्रकाश सोडणाऱ्या फायबरची जुळवणीच तपासत बसलो. अखेर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा वाटेला लागून असलेल्या दोन्ही ओळींतली छिद्रे आतल्या छिद्रांपेक्षा स्पष्टपणे लहान दिसली. चिपवर छिद्रांचा आराखडा इलेक्ट्रॉन बीमने लिहिताना प्रत्येक छिद्राला शेजारच्या छिद्रांकडून विखुरलेले इलेक्ट्रॉनही मिळतात. या ओळींना एका बाजूने शेजारच नव्हता, त्यामुळे त्यांचा डोस, म्हणजे मिळणारा इलेक्ट्रॉनांचा मारा, कमी पडला होता. छिद्रे लहान म्हणजे सिलिकॉन अधिक, म्हणून कडा लांब तरंगलांबीकडे, लेसरच्या पल्ल्याबाहेर सरकली होती. तेवढ्या दोन ओळींचा डोस वाढवून पुढची चिप लिहिली.

त्या चिपवरचे मोजमाप मला आजही जसेच्या तसे आठवते. २०० मायक्रोमीटर लांबीच्या वेव्हगाइडच्या दोन्ही टोकांवरून परतणाऱ्या प्रकाशामुळे आलेखावर फ्रिंज, म्हणजे ओळीने येणारे चढउतार, उमटतात आणि वेग जितका कमी, तितके त्यांतले अंतर कमी. सुरुवातीला ते १.२ नॅनोमीटर होते. कडेकडे जाताना फ्रिंज एकमेकांजवळ येऊ लागल्या आणि अंतर ०.२ नॅनोमीटरवर आले. म्हणजे ग्रुप इंडेक्स (प्रकाश निर्वातातल्यापेक्षा किती पट मंद, तो आकडा) ३०, वेग सेकंदाला दहा हजार किलोमीटर. त्याही पुढे फ्रिंज वेड्यावाकड्या होत गेल्या आणि एकाच आराखड्याच्या दोन चिपांवर त्या वेगवेगळ्या दिसल्या, कारण मंद प्रकाशाला छिद्रांच्या भिंतींचा खडबडीतपणा फार जाणवतो आणि प्रकाश मागे विखुरतो. म्हणून प्रबंधात मी ३० हाच आकडा लिहिला.