आइंडहोवनहून ड्युसेलडॉर्फला: शेजारच्या देशात बिऱ्हाड हलवण्याआधी

आइंडहोवन ते ड्युसेलडॉर्फ हे अंतर पुणे ते मुंबई या अंतरापेक्षाही कमी आहे. फेन्लोच्या पुढे रस्त्यावरच्या पाट्यांची भाषा बदलते, एवढीच काय ती सीमेची खूण. चलन तेच, हवा तीच आणि पाऊसही तोच. त्यामुळे नेदरलँड्समध्ये काही वर्षे काढलेल्या मराठी कुटुंबाला जर्मनीतली नोकरी चालून आली, की ही बदली पुण्याहून नाशिकला जाण्याइतकी सोपी वाटू लागते. आम्ही हे स्थलांतर केले आहे आणि नंतर त्याच वाटेवर असलेल्या अनेक परिचितांशी या विषयावर सविस्तर बोलणेही झाले आहे. त्यातून माझे मत असे बनले आहे की पगाराचा आकडा हा या निर्णयातला तिसऱ्या क्रमांकाचा मुद्दा आहे. पहिला मुद्दा वास्तव्य परवान्याचा आणि दुसरा मुलांच्या वयाचा. युरोपीय संघाने मालासाठी, पैशासाठी आणि स्वतःच्या नागरिकांसाठी सीमा पुसल्या असल्या, तरी भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्यासाठी त्या कागदोपत्री बऱ्याच अंशी शाबूत आहेत.

नेदरलँड्समध्ये नोकरीसाठी येणारे बरेच भारतीय ‘हायली स्किल्ड मायग्रंट’ परवान्यावर येतात. तो त्या देशाचा स्वतःचा परवाना असल्यामुळे त्यावर जर्मनीत १८० दिवसांपैकी ९० दिवस फिरता येते, मात्र नोकरी करता येत नाही. त्यासाठी नव्याने अर्ज करून, सर्वसाधारणपणे जर्मन वकिलातीतून व्हिसा घेऊनच जावे लागते. युरोपीय ब्लू कार्डाची, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठी संघाच्या सामायिक नियमांनुसार दिल्या जाणाऱ्या परवान्याची, गोष्ट वेगळी आहे. २०२१ च्या युरोपीय निर्देशानुसार, जो जर्मनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये अमलात आणला, पहिल्या देशात ब्लू कार्डावर १२ महिने पूर्ण झाले की डेन्मार्क आणि आयर्लंड वगळता दुसऱ्या सदस्य देशात व्हिसाविना जाता येते आणि तिथे पोहोचल्यापासून एका महिन्याच्या आत नव्या ब्लू कार्डासाठी अर्ज करता येतो. जर्मनीत २०२५ साठी त्याची पगाराची अट वर्षाला ४८,३०० युरो होती आणि माहिती तंत्रज्ञानासारख्या मनुष्यबळाची टंचाई असलेल्या क्षेत्रांत ती सुमारे ४३,७६० युरो होती; हे आकडे दरवर्षी बदलतात. ज्यांच्या मनात पुढेमागे देश बदलण्याचा विचार आहे, त्यांनी नोकरी स्वीकारतानाच कंपनीला ब्लू कार्डाबद्दल विचारावे, कारण कंपन्या सवयीने स्थानिक परवान्याचाच अर्ज करतात आणि आपणही तो निमूटपणे स्वीकारतो.

याहून नाजूक प्रश्न आजवर साठलेल्या वर्षांचा आहे. नेदरलँड्समध्ये सलग ५ वर्षे कायदेशीर वास्तव्य झाले, की इतर अटी पूर्ण करून युरोपीय संघाचा दीर्घकालीन निवासी परवाना मिळू शकतो आणि तो हातात असताना दुसऱ्या सदस्य देशात जाणे बरेच सुकर होते. म्हणून ज्यांची साडेचार वर्षे झाली आहेत, त्यांनी शक्य असेल तर नव्या कंपनीकडून रुजू होण्याची तारीख पुढे ढकलून घ्यावी, असे मी आवर्जून सांगतो. चांगली नोकरी सहा महिन्यांनीही मिळू शकते, पण मोडलेली सलगता पुन्हा जोडता येत नाही. ब्लू कार्डधारकांना निरनिराळ्या देशांतली वर्षे एकत्र मोजण्याची सवलत आहे, परंतु त्यातली शेवटची २ वर्षे अर्ज करायच्या देशात गेलेली असावी लागतात. नागरिकत्वाच्या बाबतीत मात्र असा जोड नाही. जर्मनीने २७ जून २०२४ पासून नागरिकत्वासाठीची मुदत ८ वर्षांवरून ५ वर्षांवर आणली खरी, पण ती मोजताना नेदरलँड्समधला काळ धरला जात नाही. दुसऱ्या बाजूला, जर्मन ब्लू कार्डावर बी-१, म्हणजे मध्यम पातळीची जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत आणि केवळ प्राथमिक जर्मन येत असेल तर २७ महिन्यांत कायम निवासाचा परवाना मागता येतो. भारत दुहेरी नागरिकत्व देत नसल्यामुळे ज्यांना भारतीय पासपोर्ट सोडायचाच नाही, त्यांच्यासाठी ही तरतूद नागरिकत्वाच्या मुदतीपेक्षा अधिक मोलाची आहे. पुण्यात शाळेत असताना जर्मन घेतलेल्यांना तिचा उपयोग इतक्या उशिरा आणि असा होईल, असे तेव्हा कोणाला वाटले असेल!

पगाराची तुलना करताना नेदरलँड्समधली ३० टक्के रूलिंग विसरून चालत नाही. परदेशातून आणलेल्या कर्मचाऱ्याच्या पगाराचा मोठा हिस्सा कमाल ५ वर्षे करमुक्त ठेवणारी ही सवलत जर्मनीत नाही, त्यामुळे कागदावर वाढलेला पगार प्रत्यक्ष बँकेत घटलेला दिसू शकतो. पण हिशेब इथे संपत नाही. नेदरलँड्समध्ये पती-पत्नींच्या कमाईवर मुख्यतः स्वतंत्रपणे कर आकारला जातो, तर जर्मनीत विवाहित जोडप्याचे उत्पन्न एकत्र करून दोघांत विभागले जाते. एकच कमावता असेल तर त्यामुळे कर लक्षणीय कमी होतो; दोघांचे पगार जवळपास सारखे असतील तर काहीच फरक पडत नाही. आरोग्य विम्याचेही तसेच आहे. नेदरलँड्समध्ये प्रत्येक प्रौढाला स्वतःचा हप्ता भरावा लागतो आणि वर्षाला ३८५ युरोपर्यंतचा खर्च आधी खिशातून करावा लागतो. जर्मनीच्या सार्वजनिक विम्यात पगाराच्या १४.६ टक्के आणि वर थोडी अतिरिक्त वर्गणी कापली जाते, तिचा निम्मा भार मालक उचलतो आणि न कमावणारा जोडीदार व मुले त्याच वर्गणीत विनामूल्य समाविष्ट होतात. थोडक्यात, एका पगारावर चालणाऱ्या घराला जर्मनी झुकते माप देते, आणि दोघेही नोकरी करणाऱ्या, रूलिंगची काही वर्षे अजून शिल्लक असलेल्या जोडप्याला घाईने निघण्याचे आर्थिक कारण सहसा नसते.

खासगी आरोग्य विम्याबद्दल एक इशारा देतो. पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल (२०२५ मध्ये ही मर्यादा ७३,८०० युरो होती) तर खासगी विमा घेण्याची मुभा मिळते आणि तरुण, निरोगी माणसाला त्याचा हप्ता स्वस्तही पडतो. मात्र तिथे कुटुंबातल्या प्रत्येकाचा हप्ता वेगळा असतो, वयाबरोबर तो वाढत जातो आणि वयाच्या ५५ वर्षांनंतर सार्वजनिक विम्याकडे परतण्याचे दार जवळजवळ बंद होते. विमा विकणारे सल्लागार नवागतांना गाठतात ते नेमके पहिल्या महिन्यांत, जेव्हा यातले काहीच माहीत नसते.

मुलांच्या शाळेविषयी मी सर्वांत जास्त आग्रही आहे. नेदरलँड्समध्ये मूल चौथ्या वर्षी शाळेत जाऊ लागते आणि पुढच्या शिक्षणाची शाखा साधारण १२ व्या वर्षी ठरते. जर्मनीत शाळा सहाव्या वर्षी सुरू होते, तरीही बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चौथीलाच संपते आणि १० व्या वर्षी मूल गिम्नाझियममध्ये, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत जाणार की अन्य प्रकारच्या शाळेत, हे ठरवावे लागते. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये ही वेळ सहावीनंतर येते. याचा अर्थ असा की नऊ वर्षांचे मूल, ज्याला नेदरलँड्समध्ये आणखी तीन वर्षे निवांत मिळाली असती, ते जर्मनीत नव्या भाषेसह थेट त्या वळणावर जाऊन उभे राहते. राज्याराज्यांत फरकही मोठा आहे. ड्युसेलडॉर्फ ज्या राज्यात आहे त्या नॉर्थ राइन-वेस्टफालियामध्ये शाळेची शिफारस बंधनकारक नसून अंतिम निर्णय पालकांचा असतो, तर बायर्नमध्ये (बव्हेरियात) गिम्नाझियमसाठी जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या विषयांत ठरावीक सरासरी गाठावी लागते. डच शाळेत रुळलेली मुले जर्मन लवकर उचलतात हे खरे. परंतु अंगणात खेळण्यापुरती भाषा येणे आणि त्या भाषेत गणिताची शाब्दिक उदाहरणे सोडवता येणे यांत बरेच अंतर आहे. माझ्या मते मूल सात वर्षांचे होण्याआधी निघावे, नाहीतर आंतरराष्ट्रीय शाळेचा खर्च आधीच हिशेबात धरावा. दोघेही नोकरी करत असतील तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते: अनेक जर्मन प्राथमिक शाळा दुपारीच सुटतात आणि त्यानंतरच्या सांभाळासाठी जागा मिळवावी लागते. त्या जागेचा कायदेशीर हक्क ऑगस्ट २०२६ पासून, तोही पहिलीच्या मुलांपासून, टप्प्याटप्प्याने लागू होणार आहे.

घराचे व्यवहार त्रासदायक असले तरी समजण्यासारखे आहेत. नेदरलँड्समध्ये भाड्याचे घर कधी फरशीविना, पडद्यांविना मिळते. जर्मनीत ते स्वयंपाकघराच्या ओट्याविना आणि कपाटांविना मिळते. भाड्याचे दोन आकडे असतात, एक गरम करण्याचा व इतर देखभालीचा खर्च सोडून आणि एक तो धरून. अनामत कमाल तीन महिन्यांची आणि घर सोडण्याची पूर्वसूचनाही तीन महिन्यांची असते. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करणे सक्तीचे आहे आणि तिच्यासाठी घरमालकाच्या सहीचे पत्र लागते. ते पत्र द्यायला तयार नसलेल्या मालकाचे घर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये, कारण करक्रमांकापासून परवान्यापर्यंत पुढचे सारे त्या नोंदणीवर अवलंबून असते. निघताना डच नगरपालिकेतले नाव प्रस्थानाआधीच्या पाच दिवसांत कमी करून घ्यायचे असते. मात्र डिजिडी, म्हणजे डच सरकारी संकेतस्थळांवरचा लॉगिन, चालू ठेवावा, कारण कर आणि निवृत्तिवेतनाची कामे नंतरही निघतात.

वाहन परवान्याची बाब आपल्या लोकांना विशेष लागू पडते. ३० टक्के रूलिंगमुळे अनेकांनी चाचणी न देता भारतीय परवान्याच्या बदल्यात डच परवाना घेतलेला असतो. अशा परवान्यावर ७० हा संकेतांक आणि मूळ देश नोंदवलेला असतो, आणि युरोपीय नियमानुसार दुसरा सदस्य देश तो मान्य करण्यास बांधील नसतो. त्यामुळे गाडीवर अवलंबून असलेल्या गावात घर घेण्यापूर्वी तिथल्या परवाना कार्यालयात लेखी विचारणा करून ठेवावी.

निवृत्तिवेतनाची फारशी चिंता नको. संघाच्या समन्वय नियमांमुळे दोन्ही देशांतला काळ पात्रतेसाठी एकत्र धरला जातो आणि प्रत्येक देश आपापला वाटा देतो. सीमेलगतच्या क्लेव्ह किंवा क्रानेनबुर्गमध्ये स्वस्तात राहून नोकरी मात्र नेदरलँड्समध्येच करायची, ही डच लोकांना सोयीची असलेली युक्ती आपल्यासाठी सहसा नाही, कारण आपल्याला जर्मनीत राहण्यासाठीही वेगळा परवाना लागतो.

निघायचे ठरलेच, तर तारीख निवडण्याचे थोडेफार स्वातंत्र्य असते. ज्या वर्षी देश बदलतो त्या वर्षी नेदरलँड्समध्ये स्थलांतरितांसाठीचे वेगळे विवरणपत्र भरावे लागते आणि जर्मनी आपला करदर ठरवताना त्याच वर्षातले डच उत्पन्नही विचारात घेते. या दृष्टीने जानेवारी सर्वांत सोपा. शाळेच्या दृष्टीने मात्र उन्हाळ्याची सुट्टी बरी, आणि घरात शाळकरी मूल असेल तर मी विवरणपत्राची कटकट पत्करून उन्हाळाच निवडेन.