सहा जखमी आणि दहा डोळे आलेले

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. सार्वजनिक वाचनालयातून परतताना माझ्या हातात आणखी एक जाडजूड कादंबरी दिसली की कोणी ना कोणी हे विचारतेच: रोमन, ग्रीक, सातवाहन अशा दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिपायांच्या लढाया तुम्ही इतक्या आवडीने का वाचता? या प्रश्नामागे दोन शंका असतात. एक म्हणजे मला मारामारीची आवड असावी, आणि दुसरी म्हणजे घरात शिवकाळ आणि पेशवाई असताना परक्या मुलखातले सैनिक कशाला हवेत.

पहिल्या शंकेचे उत्तर एका हजेरीपटात आहे. उत्तर इंग्लंडमध्ये विंडोलांडा नावाचे रोमन ठाणे होते. तिथल्या ओल्या मातीतून १९७३ पासून शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पट्ट्या निघत आल्या आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीच्या अशाच एका पट्टीवर रोमन सैन्यातल्या तुंग्रियन नावाच्या पलटणीची १८ मे या दिवसाची गणती आहे. एकूण माणसे ७५२, त्यांपैकी ४५६ इतरत्र गेलेली, म्हणजे ठाण्यावर उरलेली २९६. या उरलेल्यांपैकी ३१ जण कामावर उभे राहू शकत नव्हते: १५ आजारी, ६ जखमी आणि १० जणांचे डोळे आलेले. साम्राज्याच्या सरहद्दीवरच्या पलटणीत त्या दिवशी जखमांपेक्षा डोळ्यांनी जास्त माणसे अंथरुणाला खिळवली होती. तिथल्याच एका पत्रात कोणीतरी कोणाला तरी मोजे, चपलांचे दोन जोड आणि आतल्या दोन चड्ड्या पाठवल्याचे कळवले आहे. हे वाचल्यापासून प्राचीन सैनिक म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे ढाल उगारलेला वीर उभा राहत नाही. थंडीत मोज्यांची वाट पाहणारा, डोळे चोळत पहाऱ्यावर जाणारा विशीतला पोरगा उभा राहतो. ज्या लेखकाला हे प्रमाण कळले आहे, त्याच्या कादंबरीत लढाई थोडी असते आणि चालणे, ओझे वाहणे, थकलेला पगार, आजारपण आणि वाट पाहणे भरपूर असते. अशा कादंबरीत लढाई येते तेव्हा पोटात गोळा येतो, कारण मरणारा माणूस तोवर ओळखीचा झालेला असतो. मी त्या माणसासाठी वाचते.

नाशिक रोडला तोफखान्याचे केंद्र आणि जवळच देवळालीची छावणी असल्यामुळे आमच्याकडे शेजारी निवृत्त जवान असणे ही नेहमीची गोष्ट आहे. आमच्या शेजारच्या हवालदारकाकांना मी अशी एक कादंबरी वाचायला दिली होती. ती परत करताना ते म्हणाले, ‘‘लढाई छान लिहिली आहे ताई, पण एवढ्या मोठ्या पुस्तकात रात्रीचा पहारा कोणी दिला नाही, आणि संडासाचे खड्डे कोणी खणले नाहीत.’’ सैन्यावरच्या कादंबरीची याहून नेमकी समीक्षा मी कुठे वाचलेली नाही.

आता दुसरी शंका. शिवकाळ मी श्रद्धेने वाचते, पण तिथे वाचकाचे लक्ष महाराजांवरून हलत नाही आणि हलूही नये. प्राचीन काळातल्या अनाम शिपायाभोवती असे कोणतेही वलय नसते, त्यामुळे तो जसा आहे तसा भेटतो. आणि ‘परका मुलूख’ म्हणावे तर तो तितका परका राहत नाही. इसवी सनापूर्वी ३२६ मध्ये सिकंदराचे सैन्य बियास नदीवर येऊन थांबले आणि पुढे पाऊल टाकायला तयार झाले नाही. आठ वर्षे चालून आलेली ती माणसे होती, आणि सत्तर दिवस त्यांनी अंगावर पाऊस झेलला होता असे डायोडोरस हा प्राचीन इतिहासकार सांगतो. शेवटी कोइनस या सरदाराने शिपायांच्या मनातले राजाला तोंडावर सांगितले आणि जग जिंकायला निघालेल्या राजाला माघारी वळावे लागले. इगतपुरी-त्र्यंबकचा आषाढ ज्याने काढला आहे, त्याला कुजलेले चामडे, गंजलेले पाते आणि कधीच न सुकणारे कपडे वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. आपल्या पावसाने हैराण झालेला मॅसिडोनियाचा शिपाई मला परका वाटत नाही.

या कादंबऱ्यांकडून माझी अपेक्षा कडक असते. सिकंदराच्या स्वारांना रिकीब, म्हणजे खोगिराला लटकणारी पाय ठेवायची कडी, नव्हती. ते मांड्यांच्या पकडीवर घोडा चालवत. तेव्हा रिकिबीत उभा राहून भाला फेकणारा स्वार आला की माझा त्या लेखकावरचा विश्वास जातो. सातवाहनांच्या छावणीत भाकरीबरोबर हिरवी मिरची वाढली तरी तेच होते, कारण मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर, दीड हजार वर्षांनी आली. माणसाचे मन लेखकाने खुशाल कल्पनेने रंगवावे, पण त्याच्या ताटातले आणि पायातले खरे असावे.

खरे सांगायचे तर मी ज्या कादंबरीची वाट पाहते आहे ती इथलीच आहे. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, आणि त्यात तिच्या मुलाच्या, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या, वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्याल्याचा उल्लेख आहे. घोड्यांची नोंद झाली. त्यांना पाण्यावर नेणाऱ्यांची झाली नाही. विसाव्या लेण्यात भवगोप या महासेनापतीच्या पत्नीचे, वासूचे, नाव आहे, कारण वर्षानुवर्षे अपुरे राहिलेले ते लेणे तिने पुरे करवले. सेनापतीच्या घरापर्यंत दगड पोहोचतो आणि तिथेच थांबतो. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला नहपानाची, म्हणजे गौतमीपुत्राने हरवलेल्या क्षत्रप राजाची, तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला होता. हरलेल्या राजाचा चेहरा अर्धवट पुसलेले ते नाणे पगार म्हणून हातात घेताना शिपायाला काय वाटले असेल, हे इतिहासकार सांगू शकत नाही. कादंबरीकाराने ते सांगण्याचे धाडस करावे.

पण सुरुवात कुठून करावी असे कोणी विचारले, तर मी त्याच तिसऱ्या लेण्यातले दोन राजादेश दाखवीन. राज्यवर्ष १८ मध्ये, म्हणजे कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी, गौतमीपुत्राने विजयी सेनेच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला, म्हणजे तिथल्या अधिकाऱ्याला, कळवले की पश्चिम कखडी गावातली, पूर्वी नहपानाचा जावई ऋषभदत्त याच्या ताब्यात असलेली दोनशे निवर्तने (निवर्तन हे जमिनीचे जुने माप) जमीन त्रिरश्मी डोंगरावरच्या, म्हणजे पांडवलेण्यांतल्या, भिक्षूंना दिली आहे. राज्यवर्ष २४ मध्ये दुसरा आदेश निघाला. कखडीतले शेत कसले जात नाही, गावात वस्ती नाही, म्हणून नगराच्या सीमेवरच्या राजाच्या जमिनीतून शंभर निवर्तने भिक्षूंना द्यावीत, असे त्यात म्हटले आहे. गाव का उठले याचे कारण लेखात दिलेले नाही. या दोन आदेशांमधल्या सहा वर्षांत कखडीचा एखादा मुलगा कोणाच्या सैन्यात गेला असेल, ऋषभदत्ताच्या की सातकर्णीच्या; घरी परतला तेव्हा त्याला दार उघडायला कोणी होते का; आणि गाव युद्धाने उठले, दुष्काळाने की दोन्ही राजांच्या माणसांनी धान्य नेल्यामुळे, हे सगळे लिहायचे बाकी आहे.