बिल दोन कंडेन्सरचं

स्पोर्ट्स कार असलेल्या माणसाने सर्व्हिसबद्दल तक्रार करायची नसते. निदान पार्ल्यात तरी नाही. "एवढी गाडी परवडते, मग एसीच्या बिलासाठी कशाला रडतोस?" हे मला सख्ख्या मेव्हण्याने ऐकवलं, तेही माझ्याच घरी, माझंच श्रीखंड खाताना. म्हणून आधीच सांगून टाकतो. गाडी सेकंडहँड आहे, २०१७ चं मॉडेल, दोन सीटची, इंजिन सीटच्या मागे. पुण्याच्या एका डॉक्टरांनी पाठदुखीला कंटाळून विकली. सोसायटीतली पोरं तिला बेडूक म्हणतात. वसईला माझं मशीनच्या सुट्या भागांचं छोटं युनिट आहे. तिथे मी गिऱ्हाइकाला दोन बेअरिंगचे पैसे लावून एकच पाठवलं, तर तो संध्याकाळी दारात उभा राहील, आणि तो सायकलवरून आला की मर्सिडीजमधून, याने काही फरक पडणार नाही.

प्रकरण समजायला गाडीचं पोट थोडं समजावं लागेल. अशा गाडीत इंजिन मागे असलं तरी रेडिएटर पुढेच असतात, नाकाच्या दोन बाजूंना, बंपरच्या मोठ्या जाळ्यांमागे. त्यांच्या पुढ्यात एसीचे कंडेन्सर, म्हणजे एसीचा गॅस थंड करणाऱ्या ॲल्युमिनियमच्या चौकटी, एक डावा, एक उजवा. गाडी जमिनीला चिकटून चालते, त्यामुळे रस्त्यावरचं सगळं आत ओढलं जातं: गुलमोहराची पानं, पिशव्यांचे तुकडे, पावसाळ्यात चिखल. तो पाचोळा आत भिजतो, कुजतो, ॲल्युमिनियम खातो आणि एक दिवस एसीचा गॅस निघून जातो. अधूनमधून बंपर काढून आतलं साफ केलं तर कंडेन्सर पुष्कळ टिकतात. पण बंपर काढणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम, त्यामुळे ते बिलात जितक्या वेळा होतं तितक्या वेळा प्रत्यक्षात होत नाही.

एसी गेला मे महिन्यात, कोस्टल रोडच्या बोगद्यात, पुढे गाड्यांची रांग लागलेली असताना. डीलरचं शोरूम मुंबईत, वर्कशॉप खाडीपलीकडे नवी मुंबईच्या एमआयडीसीत. शोरूममध्ये कॉफीबरोबर बिस्किट मिळतं. वर्कशॉपमध्ये गेटवरचा वॉचमन नाव, नंबर आणि "किसको मिलना है" विचारतो. सर्व्हिस ॲडव्हायजर म्हणजे पंचविशीतला एक पोरगा, बोलायला गोड, एका कानात कायम फोन. जॉबकार्डावर त्याने "एसी चेक" एवढंच लिहिलं. मी तिथेच उभं राहून बाकीचं लिहून घेतलं: थंड हवा येत नाही, उजव्या जाळीत तेलकट डाग दिसतो, किलोमीटर किती, पेट्रोल किती. युनिटमधली सवय आहे ती. तोंडी ऑर्डर मी माझ्या भावाचीही घेत नाही.

निदान त्यांनी बरोबर केलं होतं, हे मी आजही म्हणेन. उजवा कंडेन्सर फुटला होता. "दोन्ही बदलू सर, एक गेला की दुसरा फार दिवस काढत नाही." सल्ला रास्त होता, मी हो म्हटलं. एस्टिमेट आलं: दोन कंडेन्सर, ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा), गॅस, बंपर काढून दोन्ही रेडिएटरची सफाई. मी व्हॉट्सॲपवर कळवलं की जुने दोन्ही पार्ट मला परत हवेत. उत्तरादाखल अंगठा आला.

मग सुरू झालं "पार्ट येतोय". पार्ट आधी युरोपात होता, मग विमानात, मग कस्टममध्ये. गाडी तोवर वर्कशॉपच्या अंगणात, उन्हात. पाऊस सुरू झाला तरी ती तिथेच. एकदा गेलो तेव्हा तिच्या टपावर कबुतरं बसली होती आणि काचेवर कुणीतरी बोटाने 'रेस?' लिहिलं होतं. एवढे दिवस उभी राहिल्यावर बॅटरी बसायचीच तशी बसली. नवी बॅटरी ₹४१,००० ची, माझ्या खर्चाने, कारण "बॅटरी कन्झ्युमेबल आहे सर". डिलिव्हरीच्या दिवशी जुने पार्ट मागितले, तर ते "पॉलिसीप्रमाणे स्क्रॅपमध्ये" गेले होते. बिल ₹२,४३,०००, बॅटरी वेगळी. निघताना त्या पोराने हात जोडले, "सर, कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहा द्या, नाहीतर आमचा इन्सेन्टिव्ह कापतात." मी आठ दिले.

पावसाळाभर एसी ठीक चालला. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा कोमट वारा. फोन केला, तर गाडी न बघताच निदान तयार: "कॉम्प्रेसर असेल सर." एस्टिमेट पुन्हा दोन लाखांच्या वर.

यावेळी मी खाडी ओलांडली नाही. जोगेश्वरीत एक गॅरेज आहे, मालक मूळचे मालवणकडचे, आयुष्य परदेशी गाड्यांखाली गेलेलं. त्यांनी कॉम्प्रेसरकडे बघितलंही नाही. लाइनमध्ये नायट्रोजन भरला, साबणाचं पाणी घेतलं आणि बंपर उतरवला. उजवा कंडेन्सर नवाकोरा, त्याच्यापुढे एका पावसाळ्याची चार पानं. डावीकडे मात्र पाचोळ्याचा थर, वर सुकी पानं, खाली काळा चोथा, त्यात एका वेफर्सच्या पाकिटाचा चंदेरी कोपरा. मालकांनी दोन बोटांनी तो थर बाजूला केला. मागे पांढरट भुकटी झालेली जाळी, आणि साबणाचं पाणी टाकताच खालच्या कोपऱ्यात बुडबुडे. कंडेन्सरच्या कडेला स्टिकर होता, त्यावर उत्पादनाचं साल: २०१७.

"साहेब, हेका कोणी हातच लावूक नाय," मालक म्हणाले.

पुढे हात लावायचा नाही, असं मी त्यांना सांगितलं. माझा कॉलेजमधला मित्र विम्याचा परवानाधारक मोटर सर्व्हेअर आहे, पण मित्राचा रिपोर्ट कुणी मानणार नाही म्हणून त्याच्याकडूनच दुसऱ्या एकाचं नाव घेतलं. ते दुसऱ्या दिवशी आले. नंबरप्लेट, चॅसिस नंबर, किलोमीटर, स्टिकर, बुडबुडे, पाचोळा, सगळ्याचे फोटो काढले, पाचोळ्याशेजारी त्या दिवसाचा पेपर ठेवला आणि लेटरहेडवर रिपोर्ट दिला. फी घेतली, पावती दिली. या सगळ्या प्रकरणात विचारल्याशिवाय पावती देणारा तो एकमेव माणूस.

सर्व्हिस मॅनेजरने रिपोर्ट वाचला, कॉफी मागवली आणि म्हणाला, "तुम्ही बाहेर गाडी उघडलीत ना सर? त्यांनी जुना बसवला नसेल कशावरून? आणि आता वॉरंटीचंही अवघड आहे." जुना बसवल्याच्या शंकेचं उत्तर मी तिथे दिलं नाही. वॉरंटीचं दिलं. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली चौदा कार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला होता, शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून. गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये नेली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असं त्यात म्हटलं आहे. पुढे त्यावर अपिलं झाली, पण या एका मुद्द्यावर मॅनेजरने पुन्हा तोंड उघडलं नाही.

मग गाडीच्या कंपनीला मेल. कंपनीचं उत्तर अपेक्षेप्रमाणे गुळगुळीत: तुमच्या भावना समजल्या, डीलर ही स्वतंत्र संस्था आहे, त्यांच्याशी संपर्क साधा. हे निव्वळ टोलवणं नव्हतं, कायद्यात त्याला आधार आहे. कंपनी डीलरला माल विकते, डीलर तो पुढे विकतो, आणि डीलरच्या लबाडीची कंपनीला कल्पना होती हे दाखवल्याशिवाय तिला जबाबदार धरता येत नाही, अशा अर्थाचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा निकाल माझ्या वकीलबाईंनी काढून दाखवला. "म्हणून त्यांच्याकडे न्याय मागू नका," त्या म्हणाल्या, "माहिती मागा."

त्याप्रमाणे मी दुसरा मेल तीन ओळींचा लिहिला. माझ्या गाडीचा चॅसिस नंबर अमुक. डीलरच्या बिलाचा क्रमांक तमुक. या चॅसिसवर तुमच्याकडून किती कंडेन्सर मागवले गेले, कृपया कळवा. राग नाही, विशेषणं नाहीत, "ग्राहक राजा" वगैरे तर नाहीच. अशा गाड्यांचे पार्ट शेल्फवर पडलेले नसतात, चॅसिस नंबर टाकून मागवले जातात, त्यामुळे उत्तर कुठल्यातरी संगणकात असणारच होतं. मला फक्त आकडा हवा होता.

आठवडे गेले, आकडा आला नाही. तेव्हा १९१५ ला फोन केला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. तक्रार नोंदवून ती कंपनीकडे जाते. हेल्पलाइनला हुकूम देण्याचा अधिकार नाही, पण कंपनीच्या आत अशी तक्रार वेगळ्या टेबलावर पडते. त्याच सुमारास वकीलबाईंनी डीलर आणि कंपनी दोघांना नोटीस धाडली आणि ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर भरायच्या तक्रारीचा मसुदा सोबत जोडला. नोटीस कायद्याने सक्तीची नाही, पण तयार मसुदा बघून समोरच्याला कळतं की हा माणूस नुसता बोलत नाही.

मसुदा करताना कळलेल्या दोन गोष्टी माझ्यासारख्यांच्या उपयोगाच्या आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो तिथल्या ग्राहक आयोगात करता येते, म्हणजे माझ्यासाठी वांद्रे पूर्वेला. खाडीपलीकडे जायची गरज नाही. आणि कुठल्या आयोगात जायचं हे मोजलेल्या पैशांवर ठरतं. गाडीची किंमत काहीही असो, माझा वाद सर्व्हिसच्या बिलाचा, म्हणून जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंत फी शून्य. तिसरी गोष्ट माझ्या सीएसाठी. गाडी घेताना "तुझ्या कंपनीच्या नावावर घे, घसारा मिळेल" म्हणून तो मागे लागला होता. मी स्वतःच्या नावावर घेतली, हौस माझी म्हणून. कंपनीच्या नावावरची गाडी असली की समोरचा वकील सर्वांत आधी "हा ग्राहकच नाही, व्यापारी वापर आहे" म्हणून उठतो. संचालकाच्या वापरासाठी घेतलेली गाडी व्यापारी वापरात मोडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका प्रकरणात म्हटलंय, पण तो वाद अंगावर घ्यायचाच कशाला?

आकडा शेवटी आला, कंपनीच्या प्रादेशिक कार्यालयाकडून, एका ओळीत. या चॅसिसवर कंडेन्सर: एक. उजवा.

त्यानंतर सूर बदलला. डीलरच्या मालकाचा स्वतःचा फोन आला, "काका, गैरसमज झालाय." 'सर'चा 'काका' आणि लबाडीचा 'गैरसमज' एका दिवसात होतो, हे मी धंद्यात पुष्कळदा पाहिलंय. बैठकीत "स्टोअरच्या मुलाची नोंदीत चूक" असं कारण निघालं. मी त्यावर वाद घातला नाही; कुणाची नोकरी घालवायला मी गेलो नव्हतो, आणि असा मुलगा मुळात होता की नाही याचीही मला शंका आहे. त्यांनी डावा कंडेन्सर फुकट बसवून द्यायची तयारी दाखवली. नको म्हटलं. मग पुढच्या सर्व्हिसमध्ये वळती होईल अशी क्रेडिट नोट. तीही नको. ज्या वर्कशॉपवर विश्वास उडाला तिथेच पुन्हा जायचं बंधन म्हणजे ती क्रेडिट नोट. मला पैसे खात्यात हवे होते.

पैसे द्यायला तयार झाले तर जीएसटी अडला. "तो सरकारला भरून झाला सर, तो कसा परत देणार?" इथे माझा सीए कामाला आला. न पुरवलेल्या मालाची क्रेडिट नोट काढून विक्रेत्याला भरलेला कर कमी करून घेता येतो, सीजीएसटी कायद्याचं कलम ३४, आणि त्यासाठी आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत मुदत असते. म्हणजे क्रेडिट नोट त्यांनी त्यांच्या वहीत काढावी, पैसे माझ्या खात्यात टाकावेत. त्यांच्या अकाउंटंटने मान डोलावली. त्याला हे आधीपासून माहीत होतं.

कंडेन्सरची किंमत, न केलेल्या सफाईचं लेबर, दुसऱ्यांदा भरावा लागलेला गॅस, सर्व्हेअरची फी, जीएसटीसकट ₹१,१२,००० जमा झाले. मेव्हण्याला स्क्रीनशॉट पाठवला. त्याने विचारलं, पार्टी कधी.

डावा कंडेन्सर दुसऱ्या शहरातल्या डीलरकडून मागवून जोगेश्वरीत बसवला. जुना माझ्या युनिटच्या कपाटात आहे, स्टिकरसकट, कारण बॅटरीचा विषय मिटलेला नाही. डीलर अजून म्हणतो कन्झ्युमेबल. मी म्हणतो, तुमच्या अंगणात उभी राहून बसली. त्या ₹४१,००० चा मसुदा वकीलबाईंकडे तयार आहे. कायद्याने कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते, त्यामुळे मला घाई नाही.