आमची वाटचाल : एक काटा, एक पट्टी आणि बावीस डब्या

आमच्या कामाची, म्हणजे क्रीम बनवायला आणि मेकअप करायला शिकवणाऱ्या कार्यशाळांची, सुरुवात झाली ती दोन दिवसांच्या एका कार्यशाळेत. पहिला दिवस त्वचेच्या निगेचा, दुसरा नैसर्गिक मेकअपचा. माझी भागीदार तिथेच भेटली. दोघींना मिळून एकच वजनकाटा आला होता, म्हणून आम्ही एका टेबलावर बसलो, एवढंच त्याचं कारण.

शिकवणाऱ्या बाईंनी आल्या आल्या टेबलांवरचे सगळे चमचे गोळा केले. "आज चमच्याने काहीही मोजायचं नाही. पाणीसुद्धा ग्रॅममध्ये." तेव्हा मला ते अतीच वाटलं होतं. मग त्यांनी हिशोब मांडला. एका वेळी बनवलेल्या शंभर ग्रॅम क्रीमच्या बॅचमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे बुरशी आणि जिवाणूंना रोखणारा घटक, पाऊण ते एक ग्रॅम. जो काटा एकेक ग्रॅमने पुढे सरकतो, तो पाऊण ग्रॅम दाखवणार कसा? कधी शून्य दाखवेल, कधी एक. म्हणजे एका बॅचमध्ये काहीच नाही आणि दुसऱ्या बॅचमध्ये मर्यादेला टेकलेलं. त्या दिवशी परतल्यावर मी पहिली खरेदी केली ती शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्याची. छोटा, तळहाताएवढा, वर पारदर्शक झाकण. तो अजून चालतो. त्याची पाटी एका कोपऱ्यात तेलाने पिवळी पडली आहे आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला आजही खपत नाही.

क्रीममध्ये तेलाचा भाग (ऑइल फेज) आणि पाण्याचा भाग (वॉटर फेज) एकजीव करायचे असतात; ज्यांनी हे काम केलंय त्यांना ते समजावून सांगायची गरज नाही. पण पहिलं इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं एकजीव मिश्रण, जमतं तो क्षण सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका बीकरमध्ये तेल, शिया बटर आणि तेल-पाणी बांधून ठेवणारं इमल्सिफाइंग वॅक्स, दुसऱ्यात डिस्टिल्ड वॉटर आणि ग्लिसरीन. दोन्ही बीकर गरम पाण्यात ठेवून सत्तर-पंचाहत्तर अंशांवर आणायचे, मग एकात एक ओतायचं. स्टिक ब्लेंडर आत घालताना तिरका धरायचा, पात्याखाली अडकलेली हवा सुटू द्यायची आणि मगच बटण दाबायचं. नाहीतर क्रीम न होता फेस होतो. बटण दाबलं की पिवळसर पाणी बघता बघता दुधासारखं पांढरं होतं. पण ते पातळच असतं, आणि नवशिक्या घाबरतात. थांबायचं. ढवळत राहायचं. पन्नास अंशांच्या खाली आलं की ब्लेंडरचा आवाज जड होतो, काचेच्या कांडीमागे रेघ उमटते आणि ती लगेच भरून येत नाही. चाळीसच्या खाली उतरल्यावर प्रिझर्व्हेटिव्ह आणि सुगंध. आमच्या टेबलावरच्या बीकरमध्ये ती रेघ टिकली तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींचे हात धरले होते. ते मी विसरलेले नाही, पुढे जे झालं ते झाल्यावरही.

दुसऱ्या दिवशीच्या मेकअपने माझ्या बऱ्याच समजुती मोडल्या. नैसर्गिक मेकअप म्हणजे कमी मेकअप, असं मला वाटायचं. प्रत्यक्षात जास्तीचा वेळ लागतो तो तयारीला. मॉइश्चरायझर लावून पाच मिनिटं हात बांधून बसायचं. ते मुरायच्या आत वर प्रायमर, म्हणजे मेकअपखालचा पहिला थर, चोळला तर त्वचेवर बारीक गोळ्या सुटतात. फाउंडेशनची छटा मनगटावर बघायची नाही, जबड्याच्या कडेला तीन रेघा ओढायच्या आणि खिडकीच्या उजेडात जी दिसेनाशी होईल ती घ्यायची. आम्हाला तर रंगच तयार करायला लावला होता. पिवळं, लाल आणि काळं आयर्न ऑक्साइड, पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड. काळं सुईच्या टोकावर घेतलं तरी सगळा रंग राखाडी होतो. माणसाच्या कातडीत पिवळा किती आहे हे मला त्या दिवशी कळलं.

वर्षभराने आम्ही दोघींनी मिळून स्वतःच्या कार्यशाळा सुरू केल्या. तीन टेबलं, सहा काटे, जागा भाड्याची. क्रीमची सूत्रं, म्हणजे कुठला घटक किती घालायचा ते, माझ्याकडे, मेकअप आणि लोकांशी बोलणं तिच्याकडे. सहा वर्षं नीट गेली.

त्या वर्षांमधलं एकच माणूस इथे सांगायचं आहे. आम्ही त्यांना सिस्टर म्हणतो, कारण त्या रुग्णालयात परिचारिका आहेत. आमच्या दुसऱ्याच कार्यशाळेला त्या रात्रपाळी करून थेट आल्या होत्या. एका पाळीत कितीदा हात धुवावे लागतात याची मोजदाद त्यांनी सोडून दिली होती. बोटांच्या पेरांवर चिरा, अंगठ्याच्या बाजूला रक्त सुकलेलं. त्यांना सुगंध नको होता, रंग नको होता. हातमोजा घालताना चिकटणार नाही असं क्रीम हवं होतं. आम्ही तेलाचं प्रमाण कमी केलं, ग्लिसरीन वाढवलं, सुगंध काढून टाकला. तीन कार्यशाळांमध्ये त्यांनी ते क्रीम स्वतःच्या हातांनी तीनदा बनवलं आणि प्रत्येक वेळी वहीत लिहून आणलं : किती दिवस पुरलं, कुठल्या बोटाची चीर आधी भरली.

मेकअपच्या दिवशी त्या म्हणाल्या, "मला फक्त दमलेली दिसायचं नाहीये." डोळ्यांखालच्या निळसर काळेपणावर आधी निळसरपणा मारणारा पीच रंगाचा करेक्टर, अगदी दाण्याएवढा, अनामिकेने थोपटून. घासायचं नाही. त्यावर त्वचेच्या रंगाचा, डाग झाकणारा कन्सीलर फक्त सावली असेल तिथेच. नाकाच्या कडेच्या लालसरपणावर थोडा, गालावर क्रीम ब्लश, बाकी चेहरा तसाच. त्यांनी आरसा घेतला, टिश्यूने अर्धा चेहरा पुसला आणि पुसलेली बाजू कुठे संपते ते शोधत बसल्या. मग उरलेल्या अर्ध्या चेहऱ्यानिशी त्या कामाला निघाल्या. आम्ही थांबवून दुसरी बाजूही करून दिली.

आता त्या बावीस डब्यांबद्दल.

आम्ही सुरुवातीपासून फेनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह वापरत होतो. शंभराला एकच्या आत, जी युरोपातल्या नियमांचीही कमाल मर्यादा आहे. त्याची एक सोय अशी की पीएच, म्हणजे आम्लता सांगणारा आकडा (जितका कमी तितकं जास्त आम्ल), थोडा इकडेतिकडे झाला तरी ते काम करतं. त्यामुळे रंग बदलून पीएच दाखवणारी पट्टी आमच्या खणात होती, पण रोजच्या हातात नव्हती. मग लोक डबीमागचं नाव वाचून विचारायला लागले, हे केमिकल कशाला? भागीदाराचं म्हणणं पडलं की ऐकायला सौम्य वाटेल असं काहीतरी घेऊ. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही जोडी घ्यायचं ठरलं. ही जोडी वाईट नाही, हे मी आजही सांगते. पण ती आम्लात चालते. पीएच पाचच्या आसपास किंवा खाली असेल तर ती बुरशीला आवरते. सहाच्या वर गेलं की तिचं काम करणारं रूप जवळजवळ उरतच नाही. आमच्या क्रीमचा पीएच साडेसहा होता. मी तो मोजला नव्हता. लॅक्टिक ॲसिडचे चार थेंब आणि पट्टीचा एक तुकडा, एवढ्यावर सगळं निभावलं असतं.

बावीस जणींनी त्या दिवशी डब्या घरी नेल्या. अकराव्या दिवशी सकाळी सिस्टरचा फोन आला. "ताई, झाकणाच्या आत काळे ठिपके आलेत. मी फेकलेली नाही, तुम्हाला बघायला ठेवली आहे. आणि बाकीच्यांना आजच्या आज फोन करा." मी एकेकीला फोन केले. सोळा डब्यांत बुरशी दिसत होती. उरलेल्या सहा स्वच्छ दिसत होत्या, तरीही मी त्या परत मागवल्या, कारण जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत. सगळ्यांचे पैसे परत केले. कुणाच्या चेहऱ्यावर काही उठलं नाही, याबद्दल मी अजून हात जोडते.

ही चूक माझी होती. सूत्रं माझ्याकडे होती, पट्टी माझ्या खणात होती. हे मी त्या आठवड्यात सगळ्यांना लिहून कळवलं. पण प्रिझर्व्हेटिव्ह बदलायचा आग्रह कुणाचा होता, हे मी लिहिलं नाही. भागीदाराची आब राहावी म्हणून लिहिलं नाही. तिने मात्र तीन आठवड्यांत वेगळं काम सुरू केलं. सहा वर्षांत आलेल्या लोकांची यादी तिच्याकडे होती, कारण लोकांशी बोलणं तिच्याकडे होतं. यादीतल्या प्रत्येकीला निरोप गेला, आणि त्या निरोपात आमच्या बुरशी आलेल्या डबीचा फोटो होता. तो फोटो मीच तिला पाठवला होता, काय झालंय ते तिने बघावं म्हणून.

सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. तिच्या नव्या कार्यशाळेचं ब्रीद होतं : 'प्रिझर्व्हेटिव्ह शून्य.' आणि शिकवत काय होती? बाम. मधमाशांचं मेण, शिया बटर, तेल. बाममध्ये पाणीच नाही! जिथे पाणी नाही तिथे जंतूंना वाढायला जागा नाही, मग प्रिझर्व्हेटिव्ह लागेलच कशाला? ते ज्या कार्यशाळेत आम्ही दोघी शिकलो, तिथे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलेलं होतं. तिला ते ठाऊक होतं. तरीही आपला बाम शुद्ध आणि आमचं क्रीम विषारी असा त्याचा अर्थ लोकांनी घ्यावा, अशीच मांडणी होती, आणि लोकांनी तसाच घेतला. मला भेटणाऱ्या बायका आजही विचारतात, तुमच्यात केमिकल असतं ना? पाणीही रसायनच आहे, असं उत्तर मी देत नाही, ते उद्धट वाटतं. मी त्यांना आत बोलावते आणि काट्यासमोर बसवते.

चार महिने एकही कार्यशाळा झाली नाही. टेबलं विकायची वेळ आली, दोन विकलीही. घरच्यांनी आता बास कर म्हटलं, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी त्या काळात एकच काम केलं. सूत्र दुरुस्त करून, पीएच पाचवर आणून, ते प्रयोगशाळेत चॅलेंज टेस्टला दिलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : या चाचणीत क्रीममध्ये मुद्दाम जिवाणू, यीस्ट आणि बुरशी सोडतात आणि अठ्ठावीस दिवस मोजत राहतात की त्यांची संख्या घटते की नाही. पैसे लागतात, आणि ते माझ्याकडे नव्हते. सिस्टरनी आठ कार्यशाळांची फी एकदम आगाऊ भरली. मी नको म्हटल्यावर म्हणाल्या, "मला हातांना क्रीम लागणारच आहे, तुम्ही बंद केलंत तर मी जाऊ कुठे?" अठ्ठावीस दिवसांनी अहवाल आला. क्रीम उत्तीर्ण झालं होतं. तो कागद मी फ्रेम केलेला नाही, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून प्रत्येक कार्यशाळेत टेबलावर ठेवते, म्हणजे हातात घेऊन वाचता येतो.

त्यानंतर सावकाश लोक परत आले. आता पाच टेबलं आहेत.

या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांना काही सांगते. भागीदारी कितीही जिवाभावाची असो, यादी कुणाची आणि सूत्रं कुणाची हे पहिल्याच महिन्यात कागदावर लिहा. प्रत्येक बॅचची एक डबी तारीख घालून स्वतःकडे ठेवा, आणि त्या डबीला शेवटपर्यंत जपा. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून वाचवतं, बुरशीपासून नाही. त्याला प्रिझर्व्हेटिव्ह समजणारे शिक्षक मी स्वतः पाहिले आहेत. लिंबाचा रस चेहऱ्यावर लावायला कुणालाही शिकवू नका, त्याचा पीएच दोनच्या आसपास असतो. खायचा सोडा दुसऱ्या टोकाचा, अल्कधर्मी, तोही नको. घरी सनस्क्रीन बनवायला तर मुळीच शिकवू नका. झिंक ऑक्साइड घातलं म्हणजे संरक्षण मिळालं असं होत नाही, ते किती एकसारखं पसरलं हे बीकरकडे बघून कळत नाही, आणि उन्हाने भाजलेल्या माणसाला तुमची तळमळ दिसत नाही. नवीन क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबायला सांगा. मस्कारा तीन महिन्यांनी टाकून द्यायला सांगा. ब्रश धुतल्यावर केस खाली करून वाळवा, नाहीतर पाणी दांड्यात उतरतं आणि गोंद सुटतो. ही शेवटची गोष्ट मी तीन चांगले ब्रश गमावून शिकले.

सिस्टर आता निवृत्तीला आल्या आहेत. हात पुष्कळ बरे आहेत. तरीही त्या कार्यशाळेला येतात, खिडकीजवळच्या टेबलावर बसतात आणि नव्या मुलींकडे लक्ष ठेवतात. मागच्या वेळी एका मुलीने पट्टी क्रीममध्ये बुडवली आणि रंगतक्ता न बघताच "पाच" म्हणून वहीत लिहायला घेतलं. सिस्टरनी तिचा हात धरला, पट्टी खिडकीच्या उजेडात तक्त्याशेजारी लावली, चष्मा वर सरकवला.

"सहा आहे. लॅक्टिक ॲसिडचा अजून एक थेंब घाल, ढवळ, आणि परत दाखव."