आमची वाटचाल : आधी प्रेशर बघा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं गॅरेज उभं राहिलं ते इंजिनांच्या हेडकाम आणि बोअरिंगच्या जोरावर. पहिला भागीदार म्हणजे शेजारच्या शेडमधला टर्नर, सगळे त्याला अण्णाच म्हणायचे. शेडचं भाडं माझं, लेथ त्याची. हिशेब कधी कागदावर आला नाही आणि कधी चुकलाही नाही. इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, इंजेक्शनच्या गाड्या यायला लागल्यावर पेट्रोलचं प्रेशर मोजणारं गेज घेतलं, पण रेलला, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला, बसतील असे ॲडाप्टर बाजारात मिळेनात. अण्णाने ते पितळेत काढून दिले, तांब्याच्या वॉशरसकट. ग्लिसरीन भरलेलं ते गेज आजही रोज वापरात आहे. पुढची बरीच वर्षं काम चांगलं चाललं.

मग बलेनो आली. जुनी, सोळाशे सीसीची, एका तरण्या पोराची. इंजिन आम्ही बांधलेलं. पुढेमागे टर्बो बसवायचा म्हणून पोराने दुसऱ्या एका गॅरेजात तासाला 255 लिटर पेट्रोल ढकलणारा पंप टाकून घेतला, ईसीयूचा, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणाऱ्या कॉम्प्युटरचा, मॅपही तिथेच करून घेतला. थोड्याच दिवसांत गाडी सिग्नलला काळा धूर सोडायला लागली, ॲव्हरेज पार उतरलं, प्लग काजळीने भरले. त्या गॅरेजवाल्याने सांगून टाकलं, "रिंगा गेल्यात. बांधणाऱ्यानं कामच नीट केलेलं नाही."

पिस्टनच्या रिंगा गेल्या की ऑइल जळतं आणि धूर निळा येतो, काळा धूर जादा पेट्रोलचा. हे उद्यमनगरातलं शेंबडं पोरगंही सांगेल. तरी ते बोलणं गावभर झालं. कबूल केलेली इंजिनं लोकांनी परत नेली. मशीनचे हप्ते थकले, हाताखालची चांगली पोरं सोडून द्यावी लागली. अण्णाने लेथ विकायची तयारी दाखवली, मी विकू दिली नाही. त्या वेळी पाठ फिरवलेली माणसं आज वाटेत थांबून नमस्कार करतात. मीही करतो, पण विसरलेलो नाही.

हलले नाहीत ते एकटे गडहिंग्लजचे डॉक्टर. त्यांची एस्टीम पहिल्यापासून आमच्याकडे. पोराच्या वडिलांशी त्यांची ओळख होती. त्यांनीच भीड घातली आणि बलेनो परत आमच्या दारात आली.

डिपस्टिक काढली तर ऑइलला पेट्रोलचा वास आणि पातळी वर चढलेली. वाइडबँड मीटर (एक भाग पेट्रोलला किती भाग हवा जाते ते दाखवणारा) आयडलला, म्हणजे इंजिन नुसतं चालू असताना, 12 च्या खाली, तिथे 14.7 च्या आसपास असायला हवं. मॅपला हात न लावता रेलला गेज जोडलं. जादा पेट्रोल टाकीकडे परत सोडून प्रेशर सांभाळतो तो रेग्युलेटर, इंजिनाच्या ओढीची व्हॅक्यूमची नळी त्याला जोडलेली असते. या इंजिनाला ती नळी लावलेली असताना आयडलला अडीच बारच्या आतबाहेर प्रेशर हवं आणि नळी काढली की काटा तीनवर चढायला हवा. इथे काटा चारवर, आणि नळी काढली तरी जागचा हलेना. म्हणजे रेग्युलेटर पूर्ण उघडा आहे, तरी पेट्रोलला परत जायला वाट नाही. आयडलला इंजिन तासाला लिटरभर पितं, त्या मोठ्या पंपाने ढकललेलं उरलेलं सगळं जुन्या बारीक रिटर्न पाइपातून टाकीत जायचं. ते तुंबत होतं, म्हणून इंजेक्टरमधून जवळजवळ पावपट जादा पेट्रोल जात होतं. गाडी जोरात हाणली की पेट्रोल खपायचं, प्रेशर उतरायचं आणि ती ठीक पळायची. त्यामुळेच सगळे फसले.

खात्रीसाठी रिटर्नची नळी सोडवून जाड नळी थेट कॅनमध्ये सोडली. काटा लगेच 2.4 वर. पोराचे वडील शेजारीच उभे होते, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. (ही चाचणी उघड्यावर करा, इंजिन गरम नसताना, आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा. रिटर्न पाइप पकडीने दाबून बघायची सवय सोडा, पंप आणि नळ्या दोन्ही जातात. व्हॅक्यूमच्या नळीत पेट्रोल आढळलं तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय, पुढे काही शोधत बसू नका.)

8 मिलिमीटरचा रिटर्न पाइप टाकला, ॲडजस्टेबल रेग्युलेटर नळी काढून तीन बारला लावला, ऑइल बदललं. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखं आलं, रिंगांना काही झालेलं नव्हतं. मॅप मात्र नव्याने करावा लागला, कारण चुकीच्या प्रेशरवर पेट्रोल कापून तो कसाबसा जुळवलेला होता. तो खर्च त्या गॅरेजवाल्याने द्यायला हवा होता. त्याने दिला नाही, आणि रिंगांबद्दलचा शब्दही आजवर मागे घेतलेला नाही.