चार बाटल्या, एक थर्मामीटर आणि स्पिती

आमच्या घरात थर्मास म्हणजे दवाखाना. कुणाला ॲडमिट केलं की तो काचेचा थर्मास माळ्यावरून खाली यायचा, त्यातून चहा नाहीतर भाताची पेज जायची, आणि पेशंट घरी आला की थर्मास धुऊन, उपडा वाळवून पुन्हा माळ्यावर. त्यामुळे हिमाचलातल्या स्पितीला निघताना बाबांनी तो सामानात ठेवलेला पाहून माझ्या नवऱ्याने विचारलं, "बाबा, कुणाला बरं नाहीये का?"

माझे बाबा ७१ वर्षांचे. वीज मंडळातून निवृत्त; सबस्टेशनवर तासातासाची रीडिंगं लिहिण्यात उमेदीची वर्षं गेली. बारा महिने गरम पाणी पितात, मे महिन्यातसुद्धा. इतक्या उंचीवर झेपेल का, श्वास लागेल का, असल्या शंका त्यांना नव्हत्याच. "गाडीत गरम पाणी मिळेल ना?" एवढंच. ती सोय बघायला मी बाटल्या चाळायला लागले आणि त्यातून हे खूळ निघालं.

शेवटी चार बाटल्या बरोबर आल्या. पहिली काळी: एक लिटरची, स्टीलच्या दुहेरी भिंतीची, तोंड अरुंद, वर साधं आट्यांचं झाकण. सात-आठ वर्षांपूर्वी रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानातून घेतलेली आणि सह्याद्रीतल्या निम्म्या गडांवर आपटून झालेली. दुसरी आकाशी: पाऊण लिटरची, तीही दुहेरी भिंतीची, तोंड रुंद, एक स्ट्रॉवालं झाकण आणि एक साधं. ऑनलाइन मागवलेली, नवी कोरी, आणि दिसायला इतकी देखणी की नवरा तिला हातातून सोडेना. तिसरी लेकीची शाळेतली: आत स्टील, बाहेर प्लास्टिक, मधे फोम. चौथा बाबांचा थर्मास. त्याच्या आतली काच आजवर दोनदा बदललेली होती.

निघायच्या आधीच्या रविवारी ओट्यावर चारही मांडल्या. केकवाल्यांच्या सामानाच्या दुकानातून सळईचा थर्मामीटर आणला होता. सकाळी सातला उकळतं पाणी भरलं, संध्याकाळी सातला झाकणं उघडली. खोलीत २६ अंश. थर्मास ७३, काळी ७०, आकाशी ६१, शाळेची ३६. बाबांनी जुन्या डायरीत रेघा मारून लॉगशीट तयार केलं आणि खाली सहीसुद्धा केली. आकाशीच्या खोक्यावर "२४ तास थंड, १२ तास गरम" असं छापलं होतं. ६१ अंशांना गरम म्हणायचं की नाही यावर आमच्यात मतभेद झाले. बाबांच्या मते चहाला ते पाणी मेलेलं, प्यायला चांगलं.

खरं तर दोन दुहेरी भिंतींच्या बाटल्यांत एवढा फरक पडायचं कारण पोटात नाही, तोंडात आहे. दोन भिंतींच्या मधली हवा काढून टाकलेली असते, त्यामुळे अंगातून उष्णता फारशी जात नाही. जाते ती मानेतून, जिथे आतली आणि बाहेरची भिंत एकमेकींना जोडलेली असते, आणि झाकणातून. आकाशीचं तोंड रुंद, झाकण मोठं, त्यातून स्ट्रॉसाठी भोक पाडलेलं. शिवाय पाणीही कमी. जितकं पाणी जास्त तितकं ते सावकाश निवतं. दुसऱ्या दिवशी काळीत आधी पाच मिनिटं गरम पाणी घालून ठेवलं, ते ओतून दिलं आणि मग भरली, तर संध्याकाळी ७० ऐवजी ७३ निघाले. फुकटचे तीन अंश.

चंदीगडला विमानातून उतरलो तेव्हा बाहेर ३४ अंश. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा असूनही घामाच्या धारा. तिथे मात्र आकाशीने नाव काढलं. रुंद तोंडात बर्फाचे खडे सरळ पडतात. काळीच्या तोंडाशी मी एकेक खडा घेऊन खटपट करत बसले आणि शेवटी नाद सोडला. दुपारी दोनला भरलेला बर्फ दुसऱ्या दिवशी सकाळी नारकंडात अजून खुळखुळत होता. खोक्यावर थंडीचे तास गरमच्या दुप्पट का छापतात, ते तिथे उमगलं. उकळतं पाणी आणि बाहेरची हवा यांच्यात सत्तर अंशांची दरी असते, बर्फ आणि हवेत फार तर तीस-पस्तीसची. त्यात बर्फ वितळायलाच भरपूर उष्णता खातो, आणि तोवर पाणी शून्याच्या आसपासच राहतं. म्हणजे बाटली तीच, गणितच थंडीच्या बाजूचं आहे.

नारकंडाहून रामपूरला उतरलो. सतलजच्या काठी, जेमतेम हजार मीटरवर. तिथे जेवून आकाशी अर्धी भरून घेतली आणि संध्याकाळी कल्पाला पोचलो: २,९६० मीटर. समोर किन्नर कैलास, खाली सफरचंदांच्या बागा, पेट्या भरायची लगबग. नवऱ्याने डोंगराकडे बघत, अगदी जाहिरातीतल्यासारखं, स्ट्रॉचं बोंडूक वर केलं. पाण्याची चिळकांडी थेट चष्म्यावर. रामपूरची कोंडलेली हवा वर आल्यावर फुगली होती, ती पाणी स्ट्रॉमधून ढकलत सुटली. वेफर्सच्या पुड्या घाटात टम्म होतात तोच प्रकार. हे गरम पाण्याने झालं असतं तर हसण्यावारी गेलं नसतं. स्ट्रॉच्या झाकणाखाली गरम पाणी भरायचं नाही हा नियम त्या दिवशी झाला.

कल्पा ते नाको हा रस्ता मी शब्दांत सांगू शकणार नाही, पण माझी कंबर सांगेल. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते आणि तिथून गाडी वळणावळणाने वर चढत राहते. एका बाजूला सरळ कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. आमचे ड्रायव्हर किन्नौरचेच, अत्यंत शांत. खड्डा आला की फक्त "हां जी" म्हणायचे. अशाच एका "हां जी"ला मागच्या सामानातून बारीक आवाज आला. नाकोला चहासाठी थांबलो, बाबांनी थर्मास उचलला, कानाशी हलवला. आत काचेचा चुरा वाजत होता.

कुणी काही बोललं नाही. बाबांनी बूच उघडून आत पाहिलं, पुन्हा लावलं. "बत्तीस वर्षं," म्हणाले. मग आईच्या ऑपरेशनच्या वेळची, मी जन्मले त्या वेळची अशा त्याच्या सगळ्या खेपा सांगत तळ्याच्या काठाने हळूहळू चालत राहिले. मी मागे राहिले. आतलं पाणी अर्थातच फेकलं. काचेची कणी गाळण्यातूनही सुटते.

काचेत उष्णता स्टीलपेक्षा कमी वाहते, म्हणून ओट्यावरच्या परीक्षेत म्हातारा पहिला आला होता. पण रस्त्याची परीक्षा वेगळी. ही दुहेरी भिंतीची युक्ती स्कॉटलंडच्या जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये काढली ती चहासाठी नव्हे, द्रवरूप वायू साठवायला. प्रयोगशाळेच्या टेबलावर, जिथे "हां जी" म्हणणारं कुणी नव्हतं. त्यांनी पेटंट घेतलं नाही. पुढे १९०४ मध्ये जर्मनांनी ती थर्मास म्हणून बाजारात आणली, आणि तिथून ती आमच्या माळ्यापर्यंत आली.

रात्री ताबोत बाबांना त्यांच्या आजीचा फिरकीचा तांब्या आठवला. पितळी, आट्यांच्या झाकणाचा. पंढरपूरला जाताना ती त्यात पाणी न्यायची. गरम ठेवायचा नाही, गारही ठेवायचा नाही, पण बैलगाडीतून पडला तरी एक पोचा येण्यापलीकडे त्याला काही होत नसे. "तो अजून आहे," बाबा म्हणाले, जणू थर्मासला ऐकू जावं म्हणून.

ताबोचा मठ ९९६ सालचा. मातीच्या भिंती, आत अंधार, आणि टॉर्चच्या उजेडात हळूहळू उमटणारी चित्रं. त्यावर वेगळं लिहीन. इथे बाटल्यांच्या गर्दीत त्याला बसवणं बरं नाही.

काझात पोचल्यावर भानगड झाली. हॉटेलातल्या किटलीत पाणी खळखळ उकळत होतं आणि थर्मामीटर ८८ वर अडून बसला.

"बिघडला," बाबा म्हणाले.

"बाबा, आपण ३,७०० मीटरवर आहोत. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं."

बाबा गप्प झाले. मग डायरीच्या मागच्या पानावर आकडेमोड केली: पुण्याला ९८, इथे ८८, मधलं अंतर तीन हजारांवर थोडं. "म्हणजे तीनशे मीटरला साधारण एक अंश. उद्या कुठे जायचंय? हिक्किम? किती उंच? ४,४००? मग तिथे ८५-८६ आलं पाहिजे."

खोक्यावरच्या बारा तासांच्या दाव्याचं काय होतं ते बघा आता. तो दावा सपाटीवरचा. इथे बाटलीत पाणी ओतेपर्यंतच ते ८४ वर येतं, आणि बाहेर रात्री शून्याच्या खाली. सुरुवात दहा अंश खालून आणि दरी तरीही मोठी. काळीने काझात संध्याकाळी सहा ते सकाळी सहा ५८ अंश राखले, तेही रात्रीत एकदाही न उघडता. दिवसा गाडीत दर तासाला कुणी ना कुणी घोट घेतं, बाटली अर्धी होते, उरलेलं पाणी भराभर निवतं. तेव्हा दुपारी चारला ४५ च्या वर काही हाती लागत नाही. त्यामुळे तिथून पुढे दिवसा काळी फक्त बाबांची, आणि ती उघडायची दिवसातून तीनदा. बाकीच्यांनी ढाब्यावर प्यावं.

हिक्किमला जगातल्या सर्वांत उंच टपाल कचेऱ्यांपैकी एक आहे, १९८३ पासूनची. लोक तिथून स्वतःलाच पत्रं टाकतात, मीही टाकलं. शेजारच्या घरातल्या बाईंनी चहाचं आधण ठेवलं होतं. बाबांनी हाताने खुणा करून परवानगी मागितली आणि सळई आत बुडवली. ८५. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा चेहरा एवढा उजळलेला मी पाहिला नव्हता. त्या बाईंना काय वाटलं असेल देव जाणे. चहा मात्र त्यांनी पुष्कळ वेळ उकळला. ८५ अंशांत पत्ती सावकाशच उतरते. आमच्या डिपवाल्या पिशव्या तिथे नुसतं पाणी रंगवत होत्या.

त्याच दिवशी दुपारी 'की' नावाच्या गोम्पाच्या, म्हणजे मठाच्या, पायऱ्यांवर नवऱ्याने फोटोसाठी आकाशी काखेत धरली आणि ती निसटली. टण्, टण्, टण्, आठ-दहा पायऱ्या, आणि शेवटी तळावर आपटून उभी राहिली. रंगाचा टवका आणि तळाच्या कडेला अंगठ्याएवढा पोचा. काळीच्या अंगावर असे सहा पोचे आहेत, म्हणून मी मनावर घेतलं नाही. संध्याकाळी साधं झाकण लावून गरम पाणी भरलं आणि दहा मिनिटांनी हात लावला तर बाहेरून गरम. ताप आलेल्या कपाळासारखी. पोच्याने दुखापत होते ती दोन प्रकारे: आतली भिंत बाहेरच्या भिंतीला टेकते, किंवा हवा काढून जिथे तोंड बंद केलेलं असतं ती जागा फाटते. ती जागा बहुतेक बाटल्यांत तळाशीच असते. एकदा हवा आत शिरली की ते साधं स्टीलचं भांडं. काळीचे सगळे पोचे अंगावर आहेत, एकही तळावर नाही. तिचं नशीब म्हणा. नवी बाटली घेणाऱ्याने रंगाऐवजी तळ बघावा, आणि रबराचं बूड मिळालं तर तेही घालावं. आकाशी हातातून न सोडण्याची हौस आठवून मी नवऱ्याकडे पाहिलं. तो नदीकडे बघत होता.

त्याच रात्री त्याने काळीत गरम पाणी भरून ती पांघरुणात पायाशी घेतली होती आणि तक्रार करत होता की बाटली बर्फासारखी लागते. बाबा एवढे हसले की त्यांना खोकला आला. "अहो, उष्णता बाहेर आली तर ती बाटली कसली?"

कुंजुमची खिंड ओलांडून चंद्रताल तळ्याला पोचलो तेव्हा वारा चावत होता. तळ्याच्या काठी तंबू लावू देत नाहीत, मुक्कामाच्या जागा लांब आहेत; तिथून चालत जाऊन तळं पाहिलं. निळं म्हणावं तर हिरवं, आणि बोलावंसं वाटू नये असं. परत येईस्तोवर अंधार. रात्री शाळेची बाटली गाडीत विसरली. सकाळी तिचं झाकण फिरेना, तोंडाशी बर्फाचा डट्टा. ड्रायव्हरांनी ती उलटी करून दाखवली: रात्री अशी ठेवायची, म्हणजे बर्फ बुडाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं. साधी बाटली असली की इथले सगळे असंच करतात.

बाबांना मात्र तंबूत झोप लागेना, पाय गार. दोन मोजे, वर ब्लँकेट, तरी गारच. मग त्यांनीच स्वयंपाकाच्या तंबूतून आकाशीत उकळतं पाणी भरून आणलं, साधं झाकण गच्च पिळलं, माझा लोकरी मोजा तिच्यावर चढवला आणि ती पायाशी घेऊन आडवे झाले. पाच मिनिटांत घोरायला लागले.

सकाळी डायरी पाहिली. काळी: ५६. शाळेची: बर्फ. आणि त्याखाली त्याच सरळ, सबस्टेशनच्या अक्षरात: आकाशी, सकाळी ६, ३१ अंश. शेरा: पाय गरम. सही.