ओट्यावरचा उजेड: हॅलोजन काढून एलईडी पट्टी लावली तेव्हा

आमच्या नागपूरच्या घरी २००९ साली स्वयंपाकघराचं फर्निचर केलं, तेव्हा वरच्या कपाटांच्या खाली पाच गोल हॅलोजन दिवे बसवले होते. प्रत्येकी २० वॅटचे, १२ व्होल्टवर चालणारे. त्यातले तीन एकामागून एक गेले आणि तसेच राहिले, कारण छताला ट्यूब होती. पण ट्यूब आपल्या पाठीमागे असते. ओट्याकडे तोंड करून उभं राहिलं की आपलीच सावली कापायच्या पाटावर पडते.

मला हे सहन करता आलं असतं. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, जमेना. तूरडाळ निवडणं, सांबार (म्हणजे कोथिंबीर) निवडणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांना दुसऱ्या कुणी केलेलं चालत नाही. दिवे गेल्यावर त्या ताट घेऊन खिडकीपाशी बसू लागल्या आणि अंधार पडला की ताट झाकून ठेवू लागल्या. ते पाहून मी हे काम हातात घेतलं.

सुरुवातच चुकली. जुना ट्रान्सफॉर्मर १२ व्होल्टचा, एलईडी पट्टीही १२ व्होल्टची मिळते, म्हणजे दिव्यांच्या जागी पट्टी जोडली की झालं, असं मी धरून चालले. मीटरभर पट्टी आणून इलेक्ट्रिशियनकडून जोडून घेतली, तर ती नुसती लुकलुकत राहिली.

"काकू, हा ट्रान्सफॉर्मर काढूनच टाका. याच्यावर पट्टी चालत नाही."

"काहून? दोन्ही बारा व्होल्टच तर आहेत."

मग त्यानं समजावलं. हॅलोजनचा ट्रान्सफॉर्मर एसी करंट देतो, पट्टीला डीसी लागतो. शिवाय त्या ट्रान्सफॉर्मरला ठरावीक लोड मिळाला नाही तर तो नीट सुरूच राहत नाही, आणि मीटरभर पट्टीचा लोड तो किती असणार! नवीन ड्रायव्हर, म्हणजे पट्टीला डीसी पुरवणारा डबा, घेणं भाग होतं. मग पट्टी २४ व्होल्टचीच घ्या, असंही त्यानं सुचवलं. तेवढ्याच उजेडाला २४ व्होल्टवर करंट निम्मा लागतो, त्यामुळे लांबच्या टोकाला उजेड मंदावत नाही. आमचा ओटा एल आकाराचा, एक बाजू २.४ मीटर आणि दुसरी १.२. त्यानं कोपऱ्यातून दोन्हीकडे वेगवेगळी वायर द्यायचं ठरवलं.

खरा वेळ गेला तो रंग निवडण्यात, आणि तो गेला याचं मला समाधान आहे. हॅलोजनचं बाकी काहीही म्हणा, त्याच्या उजेडात भाजीचा रंग खरा दिसायचा. ती पहिली मीटरभर पट्टी निळसर पांढरी, ६५०० केल्विनची होती. केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा. तिच्याखाली ताजा सांबार शिळा दिसत होता. बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डी बाजारातल्या, दुकानदाराला मी हे सांगितलं, तेव्हा त्यानं ३००० आणि ४००० केल्विनचे दोन तुकडे दिले, दोन्ही ९० च्या वर सीआरआय असलेले. सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप, शंभरपैकी. घरी आल्यावर आईंसमोर ताटात तूरडाळ पसरली आणि एकेक तुकडा लावून दाखवला. ३००० च्या पिवळ्या उजेडात डाळीतला खडा डाळीसारखाच दिसत होता. ४००० लागल्याबरोबर आईंनी बोट ठेवून दोन खडे बाजूला काढले. निवड तिथंच झाली.

दुसरी अडचण काळ्या ग्रॅनाइटची. ओटा आरशासारखा चकचकीत, त्यामुळे पट्टी उघडी लावली तर एकेक एलईडी खाली ठिपक्यासारखा दिसतो आणि डोळ्यांवर येतो. यावर उपाय ॲल्युमिनियमच्या चॅनलचा. त्यावर दुधी झाकण येतं, ठिपके जाऊन एकसंध उजेडाची रेघ उरते. आम्ही तिरका, ४५ अंशांचा चॅनल घेतला आणि तो कपाटाच्या पुढच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून बसवला. उजेड ओट्यावर पडतो, डोळ्यांत जात नाही.

चॅनल घेण्याचं आणखी एक कारण आहे. एलईडी उष्णतेनं लवकर खराब होतात आणि ॲल्युमिनियम ती उष्णता ओढून घेतं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि स्वयंपाकघरात तर शेगडीही पेटलेली असते. सनमायकावर नुसती चिकटवलेली पट्टी अशा उन्हाळ्यात, त्यात फोडणीच्या तेलाचा थर, सुटून लोंबायला वेळ लागत नाही. चॅनल आम्ही क्लिपा लावून स्क्रूनं बसवला. कपाटाचं प्लाय १८ मिलीमीटरचं, म्हणून स्क्रू १२ मिलीमीटरचे. लांब स्क्रू आरपार जाऊन डब्यांना टोचले असते. शेगडीच्या वर, चिमणीखाली पट्टी मुद्दाम लावली नाही.

पट्टी खुणेवरच कापावी लागते, आमच्या पट्टीवर दर ५ सेंटीमीटरला खूण होती. जोड क्लिपनं न करता सोल्डरिंग करून घेतले, कारण ओट्याजवळ वाफ असते आणि क्लिप काळानं सैल पडते. २३० व्होल्टच्या बाजूचं सगळं काम एमसीबी पाडून इलेक्ट्रिशियननं केलं. त्यात मी हात घातला नाही, कुणी घालूही नये. ड्रायव्हर कपाटाच्या माथ्यावर, हवा लागेल असा, शेगडीपासून दूर ठेवला आहे.

पट्टी मीटरला ९.६ वॅटची आहे. ३.६ मीटरचे ३५ वॅटही होत नाहीत. पाचही हॅलोजन लागत तेव्हा १०० वॅट जात. रोजचे चार तास धरले तर महिन्याला १२ युनिटच्या जागी साधारण चार. आणि कपाटातली तिखटाची बरणी आता कोमट लागत नाही, हे मला बिलाहून मोठं वाटतं.

आई आता रात्री आठ वाजताही ओट्याशी स्टूल ओढून बसतात. पाच मीटरच्या रोलमधली १.४ मीटर पट्टी उरली आहे. ती धान्याच्या कपाटात आतून लावायची, असं त्यांनीच सांगितलंय. ड्रायव्हर ६० वॅटचा घेतलाय, पाचही मीटर लावले तरी ४८ वॅट होतील. दिवाळीच्या साफसफाईत कपाट रिकामं होईल, तेव्हा तेही करून घेणार आहे.